कॉलर तरी राहू दे

"शर्टाला इस्त्री फार कडक आहे हो तुमच्या."

हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या मॅडम आप्पांना असं म्हणाल्या. आप्पांना वाटलं, कौतुकच केलं. ते हसले. हात जोडून म्हणाले, "आमचा धंदाच आहे मॅडम तो."

"हो का? मग धंदा बरा चाललेला दिसतोय. आमचे हे बेड गरिबांसाठी असतात."

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, ते आवरायचं कसं हे त्यांना कळेना. मी बापाच्या शेजारी उभी होते. नुकतीच कॉलेजला जायला लागलेली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

"कागद सगळे बरोबर आहेत ना?" मी विचारलं.

"कागद काय, सगळेच आणतात. पुढच्या आठवड्यात या. बघू."

आम्ही परीट. बिबवेवाडीत एका सोसायटीच्या भिंतीला लागून आप्पांचं टेबल, वर पत्रा, टेबलावर कोळशाची इस्त्री. लोकांचे कपडे दिवसभर हाताखालून जायचे. स्वतःचे चांगले शर्ट दोन. पण बाहेर जायचं म्हटलं की खळ घातलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट अंगात असायचाच. माणसांत जायचं तर नीट जावं, हे आप्पांचं ठरलेलं. आणि परटाच्याच अंगावर चुरगळलेला शर्ट दिसला तर त्याच्याकडे कपडे टाकणार कोण?

आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. एक जिना चढली की ओठ निळे पडायचे. ऑपरेशनला उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घर विकूनही खर्च भागला नसता, आणि घर तर भाड्याचं. या ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांसाठी बेड राखलेले असतात, हे कळलं म्हणून आम्ही तिथे गेलो होतो. तो बेड मिळाला तर आई राहणार होती. नाहीतर नाही. एवढं साधं होतं ते.

शेजारच्या मावशींना सगळं सांगितलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं वेडे, तिथे का कोण नटून जातं? गरीब दिसावं लागतं जरा."

मग कळलं की आमच्या वस्तीत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. हॉस्पिटलला जाताना डोक्याला तेल लावायचं नाही. मंगळसूत्र काढून काळा दोरा बांधायचा. मोबाईल घरी ठेवायचा. खऱ्या गरिबांनी गरिबाचं सोंग घ्यायचं. आम्हीच तेवढे अडाणी, धुतलेल्या कपड्यांत गेलो होतो.

पुन्हा हॉस्पिटलला जायच्या आदल्या संध्याकाळी मी आप्पांचा शर्ट घेतला. ओला केला. पिळला. गाठ मारून गादीखाली ठेवला. सकाळी काढला आणि पुन्हा दोन्ही हातांनी चोळामोळा केला. आप्पा समोर उभे राहून बघत होते. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या सुरकुत्या काढल्या त्याच्या शर्टाला त्याची पोरगी सुरकुत्या पाडत होती. शेवटी फक्त एवढंच म्हणाले,

"कॉलर तरी राहू दे."

मी कॉलरही चुरगळली.

हॉस्पिटलात मॅडमनी आप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हां, आता कसं," म्हणाल्या आणि सही केली.

म्हणजे बाईला माहीत होतं. हे सोंग आहे, हे पक्कं माहीत होतं. तरी तिला ते हवं होतं. कागद पहिल्या दिवसापासून तेच होते. बदलला होता तो फक्त शर्ट.

आईचं ऑपरेशन झालं. आई वाचली. या गोष्टीपुढे शर्टाचं काय घेऊन बसलीस, असं मी स्वतःला रोज सांगत होते. पण आप्पा आता माझ्याकडे बघून बोलत नसत, आणि मीही त्यांच्याकडे बघत नव्हते. दोघांनाही एकच लाज होती.

काही महिन्यांनी हॉस्पिटलचा फोन आला. सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात कार्यक्रम आहे, लाभार्थी कुटुंबांनी यावं. फोनवरची बाई शेवटी म्हणाली, "आणि साधेच कपडे घाला बरं का. देणगीदार येणार आहेत."

त्या सकाळी आप्पांनी पांढरा शर्ट काढला. सवयीनं इस्त्री फिरवली. मग थांबले. आणि मी काही म्हणायच्या आत तोच शर्ट त्यांनी स्वतःच्या हातांनी चुरगळला. कॉलरसकट. मी शिकवलेलं ते शिकले होते.

सभागृहात आधी परिसंवाद होता, आरोग्यसेवा सर्वांना कशी मिळावी यावर. पहिले वक्ते म्हणाले, गरिबांना कार्ड द्या, विम्याचा हप्ता सरकार भरेल. दुसरे म्हणाले, ज्यानं त्यानं आपला विमा काढावा, फुकटची किंमत कुणाला नसते. टाळ्या पडल्या. तिसऱ्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, ज्याला जसं झेपेल तसा कर सगळ्यांनी द्यावा, त्याचा एकच खजिना असावा, आणि कुणीही आजारी पडलं तरी बिल त्या खजिन्यानं भरावं. दारात कुणाची ऐपत विचारायची नाही.

समोरून एक गृहस्थ उठले. "म्हणजे आमच्या करातून बंगलेवाल्याचंही ऑपरेशन?"

"हो," बाई म्हणाल्या. "तोही तुमच्याच रांगेत उभा राहील. तो उभा राहिला की रांग सुधारते, हा माझा अनुभव आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "यातही अडचणी आहेत. डॉक्टर कमी पडतात, वाट बघावी लागते, खजिन्यावर कोण बसणार हाही प्रश्न आहेच. पण त्या अडचणी सगळ्यांच्या असतात."

मला सगळं काही कळलं नाही. पण एक गोष्ट लख्ख कळली. पहिल्याच्या योजनेत आप्पांना शर्ट चुरगळावा लागणार. दुसऱ्याच्या योजनेत आई मरणार. तिसरीत आप्पांच्या शर्टाकडे कुणी बघणारच नाही. बाईंना टाळ्या फारशा पडल्या नाहीत.

मग आम्हाला मंचावर बोलावलं. आईच्या हातात चादर दिली, फोटो काढला. समाजसेवावाल्या मॅडमच निवेदन करत होत्या. माझ्यापुढे माईक धरून म्हणाल्या, "आभाराचे दोन शब्द बोल."

मी म्हणाले, "माझे वडील इस्त्रीवाले आहेत. हा शर्ट आम्ही चुरगळलाय. इस्त्री केलेली यांना चालली नाही. ज्या डॉक्टरांनी आईला वाचवलं त्यांचे आभार. या शर्टाचे आभार मी मानणार नाही."

आईच्या हातातली चादर घेऊन मी टेबलावर ठेवली.

"बोलायला छान शिकवलंय कुणीतरी," मॅडम माईकमध्येच म्हणाल्या. लोक हसले.

आईनं माझा दंड धरला. "अगं, तपासणीला इथेच यायचंय ना आपल्याला," ती पुटपुटली. तिचं खरं होतं. पुढच्या प्रत्येक तपासणीला आम्हाला सगळ्यांच्या शेवटी बसवलं. आईला त्या बाकावर ताटकळताना बघून मी मनात शंभरदा माघार घेतली. पण पुढच्या तपासणीला निघताना आप्पांनी खळ घातलेला शर्ट काढला आणि माझ्यासमोर टेबलावर पसरून कॉलरवर दोनदा इस्त्री फिरवली.

ते बेड दान नव्हते, हे मला फार पुढे समजलं. ट्रस्टला करात मिळणाऱ्या सवलतींच्या बदल्यात कायद्यानंच ते राखायला लावले होते. जे आमचं होतं तेच मिळवायला आम्ही सोंग घेतलं होतं. आज मी वस्तीतल्या पेशंटबरोबर हॉस्पिटलात जाते. कायदा तोंडपाठ आहे. भांडते. काही वेळा हरते. कार्ड, विमा, योजना, जे असेल ते पदरात पाडून घेते, कारण माणूस आज मरत असतो. पण मला हवाय तो एकच खजिना आणि एकच रांग. ते होईपर्यंत मी गप्प बसणार नाही. कुणाला मी उर्मट वाटते. वाटू दे.

परवाच एक बाई आली. नवऱ्याला दाखल करायचंय. खालच्या आवाजात विचारलं, "ताई, उद्या कपडे कसे घालून येऊ?"

म्हटलं, "इस्त्री करून या. कुणी काही बोललं तर मी आहे."