टाळीचं उत्तर

झांबियात तीन वर्षं शिकवून दौंडला परतलेल्या रंभाला दुपारी डोळा लागला, की आपण नेमकं कुठे आहोत हेच उमगत नसे. रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरपुढे कडुनिंबाखाली बाज टाकलेली असे. यार्डातलं इंजिन लांबलचक उसासा टाकी, आणि अर्ध्या झोपेत त्या उसाशाची तिकडच्या लाल मातीतली शाळा होऊन जाई. बालवर्गातली सगळी तोंडं एका सुरात म्हणत, "गुड मॉर्निंग, मॅडम." उत्तर द्यायला तिचे ओठ हलत आणि ती जागी होई.

तिकडून पुन्हा बोलावणं आलं होतं. १९७६ चा मे सरत आला, तरी यार्डात रुळांचे सांधे बदलणारे पॉईंट्समन असलेल्या वडिलांनी, चांगदेवांनी, अजून 'जा' म्हटलं नव्हतं. त्यांच्या शब्दाशिवाय तिचा पाय निघणार नव्हता. आणि एक गोष्ट तिनं पत्रांतून कधी कळवली नव्हती. ती लपवून त्यांचा होकार घेणं तिला चोरीसारखं वाटत होतं.

एका संध्याकाळी चांगदेव ड्युटीवरून येऊन चहा घेत होते. शेजारच्या सरूबाई येऊन बसल्या.

"काय गं, ती काळी पोरं इंग्रजी शिकत्यात व्हय?"

"आपण काय गोरे लागून गेलो, मावशी?"

चांगदेवांना हसू आलं. "पर तुला त्यांची भाषा न्हाई, त्यांना तुझी न्हाई. शिकवतीस कशी?"

"मी माझ्या नाकाला बोट लावून नोज म्हणायचे, आबा. पोरंही माझ्याच नाकाला बोट लावायची."

सरूबाई पदरात तोंड लपवून हसल्या. त्या हसण्याच्या आधारानं रंभा पुढे बोलू लागली.

"तिथं पोरगं पाटी दाखवायला आलं की गुडघे टेकतं. हात पोकळ करून हळू टाळी वाजवतं, मग पाटी पुढं धरतं."

चांगदेवांचा कप ओठाशीच थांबला. शिरूरकडच्या गावात त्यांच्या वडिलांनी पाटलाच्या पायरीखाली वाकून जोहार घालण्यात जन्म काढला होता. बौद्ध झाले त्या दिवशी चांगदेवांनी घरात एकच कायदा केला: माणसानं माणसापुढं वाकायचं नाही.

"मी त्यांना दंडाला धरून उठवलं. स्टँड अप म्हटलं."

"ब्येस केलंस."

"दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन कुणी आलंच नाही, आबा."

पोरं यायची, पण मुकी बसायची. मॅडमनं आपला नमस्कार झिडकारला, म्हणजे मॅडमला आपण नकोत, असं त्यांना वाटलं होतं. वर्गात इंग्रजीचा एक शब्द उगवेना. मग एका पोराची आजी भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली. एवढी म्हातारी बाई. पण तिनंही गुडघे टेकले, टाळी वाजवली आणि शेंगा तशाच ओच्यात ठेवून वाट पाहत राहिली.

"आन् मग?" सरूबाईंनी विचारलं.

"मीपण टेकले. टाळी वाजवली. तेव्हा तिनं शेंगा माझ्या ओंजळीत घातल्या. दाराआडून पोरं आत आली." रंभानं वडिलांकडे पाहिलं. "तेव्हापासून तिथं रोजच टेकते, आबा."

सरूबाईंना चुलीवरचं काहीतरी आठवलं आणि त्या उठून गेल्या. यार्डावर धुरकट संध्याकाळ उतरत होती. रूळ, माणसं, डबे सगळं एकाच राखी रंगात विरघळत होतं.

"म्हातारी आदी टेकली?"

"हो."

"आन् तिथला मोठा मानूस? सायब, मास्तर?"

"तोही टेकतो. त्याच्या म्हाताऱ्यांपुढं. आणि समोरचा टाळीनंच उत्तर देतो. कुणाची टाळी रिकामी जात नाही."

"माझ्या बापाचा जोहार रोज रिकामा जायचा," चांगदेव म्हणाले. "पाटील मान बी वर करत नव्हता."

कसं टेकतात ते दाखवावं म्हणून रंभा बाजेवरून उतरली, वाकली. चांगदेवांनी चटकन तिचा दंड धरला.

"हितं नगं," ते म्हणाले. "तिथं टेक. पोरांसाठी टेक. हितं आपल्याला उठायला लई वरसं लागली."

तिला वर ओढून त्यांनी शेजारी बसवलं. उरलेला चहा गार झाला होता. तो त्यांनी एका घोटात संपवला.

"तिकीट कवाचं काढायचं?"