रंगाची बाजू खाली

"तुला आफ्रिका. आरशात बघतेस ना कधी?"

बाई असं म्हणाल्या आणि अख्खा चौथीचा वर्ग हसला. माझ्या हातात काळा रंग दिलेला प्लायवूडचा तुकडा आला. गुलाबी युरोप शाळा समितीच्या अध्यक्षांच्या नातीला. माझी आई त्यांच्याच उसात खुरपायला जायची.

पाटसजवळच्या आमच्या शाळेत तपासणीला साहेब येणार होते. सात खंड, सात पोरं. आठवडाभर तालीम. तुकडा वर धरायचा, नाव ओरडायचं. मग बाकीचे खेळायला पळायचे. तुकडे पुसून पेटीत भरायचं काम माझं. माझंच का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. पुसता पुसता प्रत्येकाची कड बोटांना पाठ झाली. सुलटी, उलटीही.

साहेब आले, सोबत अध्यक्षही. त्यांनी सगळे तुकडे टेबलावर पालथे टाकले. मागं नुसतं कोरं लाकूड. एक उचलून विचारलं, "हा कोणता?"

नात रडवेली झाली. "आबा, ह्याला रंगच न्हाई!"

आम्हाला खंड शिकवलेच नव्हते. रंग शिकवले होते.

मी हात वर केला. बाईंनी डोळे वटारले. हात खाली आला. पुन्हा वर केला.

"युरोप." मग उरलेले सहाही सांगितले.

"शाब्बास! कोणी शिकवलं?"

"मीच तयारी घेतली, साहेब," बाई म्हणाल्या.

"न्हाई. बाईंनी मला निस्ती आफ्रिका दिलती. मी काळी म्हणून. बाकीचे पुसताना कळले."

साहेब हसले. ते हसू कोणाच्या बाजूचं होतं, मला आजही माहीत नाही. अध्यक्ष म्हणाले, "लई जीभ चालती गं हिची."

दुसऱ्या दिवसापासून आईला खुरपणीचं बोलावणं बंद. आईनं मारलं नाही. एवढंच म्हणाली, "बोललीस त्ये बरं केलंस. आता खायाचं काय, त्ये बी सांग."



आज मी कारेगावात कामगारांच्या पोरांना शिकवते. माझ्या पेटीतले खंड दोन्ही बाजूंनी कोरे आहेत. पेटी रोज वेगळं पोर भरतं. तपासणीआधी वरून गोड निरोप येतो, "मॅडम, चांगली पोरं निवडून ठेवा." चांगली म्हणजे कोणती, हे निरोप देणारा कधी सांगत नाही. मला ते न सांगता कळतं.

उद्या तपासणी आहे. निरोप आलाय. मी कोणालाही निवडलेलं नाही. निवडणार नाही.