धाकट्याला रविवारचं पत्र

थोरल्याला ओळखीचे लोक ‘पत्रवाला’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, टिंगल जास्त. बाकीचे गाणारे-वाजवणारे उठता-बसता व्हिडिओ टाकत होते. हा बाबा दर रविवारी सकाळी ईमेलनं पत्र धाडायचा, सोबत स्वतःचं एक नवं गाणं. पत्र कोणाला? ज्यांनी आपणहून पत्ता दिला त्यांना. “अरे, जग कुठं चाललंय आणि तू कुठं!” असं मित्रांनी कितीदा सुनावलं. हा आपला गिटारच्या तारा पुसत बसायचा. हट्टी होताच मुलखाचा, पण हट्टामागं कारण होतं, आणि ते घरात कोणी उच्चारत नसे.

कारण म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. बोलताना मात्र अडखळायचा. एखादा शब्द घशात रुतला की रुतला. गाताना एक अक्षर अडायचं नाही, देवाची करणी! दोघं मिळून हॉटेलांत, समारंभांत कार्यक्रम करायचे. बोलायचं थोरल्यानं, गायचं धाकट्यानं, अशी वाटणीच होती.

एकदा सरावाच्या वेळी धाकटा गाण्याबद्दल दोन शब्द सांगायला गेला आणि अडला. चांगलाच अडला. मग स्वतःवरच वैतागून हसला नि गायला लागला. थोरल्यानं ते सगळं फोनवर टिपलं आणि टाकलं सोशल मीडियावर. वाईट हेतू? छे हो! त्याला वाटलं, किती गोड आहे हे. लोकांना गोड नाही वाटलं, गंमत वाटली. गाणं कापून नुसतं अडखळणंच जगभर फिरायला लागलं. रस्त्यावरची पोरं धाकट्याच्या तोंडावर नक्कल करू लागली.

“दादा, का... काढ ते,” धाकटा म्हणाला. हात जोडले त्यानं.

“काढतो रे. जरा दम धर. आकडा बघ केवढा चढलाय! लोक आता गाण्यापर्यंत येतील.”

काय म्हणावं या माणसाला? सख्खा भाऊ समोर रडकुंडीला आलाय आणि हा आकडे बघतोय! शेवटी व्हिडिओ काढला, पण तोवर धाकट्यानं बॅग भरली होती. आईच्या पाया पडला, भावाकडे बघितलंसुद्धा नाही. फोनचा नंबरही बदलून टाकला.

मग थोरल्याचे डोळे उघडले. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! सगळी खाती बंद केली आणि पत्रं सुरू केली. यादीतला पहिला पत्ता धाकट्याचा. बाकी सगळ्यांनी आपणहून दिलेला, हा एकच यानं स्वतः घातलेला. पत्रं पाठवायची जी सोय त्यानं घेतली होती, तिच्यात प्रत्येक पत्त्यापुढं दिसायचं, पत्र उघडलं की नाही ते. पहिल्याच रविवारी धाकट्याच्या पत्त्यापुढं आलं, ‘उघडलं’. थोरला धावत स्वयंपाकघरात गेला.

“आई, वाचतोय गं तो!”

आईनं ओल्या हातानंच डोळे पुसले.

पुढं नात्यातल्या एकानं बातमी आणली, की धाकटा दूरच्या शहरात फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. आईचे गुडघे गेलेले, तिला जिना उतरणं मुश्कील. ती थोरल्याच्या मागं लागली. “अरे, मग जाऊन ये ना. असा किती लांबचा रस्ता आहे?”

“घाई नको, आई. वाचतोय ना? येईल आपला आपण. मी गेलो तर बिथरेल.”

खरं सांगायचं तर याचं धाडस नव्हतं. पत्रात हा सगळं लिहायचा. तार तुटली, छप्पर गळलं, नवी चाल कुठं सुचली. वाचणारे खूश व्हायचे, उलट लिहायचे, हा प्रत्येकाला जातीनं उत्तर द्यायचा. माफीचं तेवढं राहायचं. एक ओळ लिहायचा आणि खोडायचा. धाकट्याला एकट्याला वेगळं पत्र का नाही लिहिलं? कारण मग उत्तराची वाट बघावी लागली असती. इथं ‘उघडलं’ एवढं दिसलं की याचा आठवडा निभायचा. अशी दोन वर्षं काढली पठ्ठ्यानं.

आणि एका रविवारी लिहून टाकलं. सगळ्यांदेखत, आडपडदा न ठेवता. पाठवलं आणि बघतो तर चहा निवायच्या आत धाकट्याच्या पत्त्यापुढं ‘उघडलं’! थोरला ओक्साबोक्शी रडला. आईनं धाकट्याच्या पलंगावर धुतलेली चादर घातली, गादीला ऊन दाखवायला लावलं. “आता येतोय बघ,” असं दिवसभर चाललं होतं तिचं.

आठवड्याच्या मध्यावर फोन वाजला. पत्राच्या शेवटी थोरल्याचा नंबर असायचा. पलीकडे एक बाई होत्या, त्या वर्कशॉपच्या मालकीणबाई.

“रविवारची पत्रं पाठवता ते तुम्हीच ना? आमच्या एका कारागिराच्या नावानं इथल्या कॉम्प्युटरवर येतात. तो मोडीत काढायचाय, म्हणून बघत होते. त्याचं नाव काढून टाकाल का यादीतून?”

“का? तो नको म्हणाला का?”

बाई घुटमळल्या. “तो गेला हो. मागच्या हिवाळ्यात. ताप अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. घरी कोणाला कळवू, म्हणून मी विचारलंसुद्धा. म्हणाला, माझं कोणी नाही. तुम्ही कोण त्याचे?”

“असं कसं होईल?” थोरला ओरडलाच. “पत्रं उघडतोय तो! आत्ता रविवारी उघडलंय!”

“अहो, माणूस कुठला उघडतोय? कॉम्प्युटर चालूच असतो इथं. पत्र आलं की तोच आपोआप उतरवून घेतो, तेच तुमच्याकडे ‘उघडलं’ म्हणून दिसत असेल. त्याचं खातं जोडलेलं राहिलंय, एवढंच. तुमच्या नंबरासाठी मी आत्ता एक उघडलं, बाकी सगळी न वाचलेली दिसताहेत.”

“तो असतानाचीसुद्धा?”

“पहिल्यापासूनची सगळी,” बाई म्हणाल्या. “मी विचारलं, तुम्ही कोण?”

“भाऊ,” थोरला कसाबसा म्हणाला.

आईला सांगणं आलंच. ती त्या चादरीवरच बसली होती. ऐकलं, आणि रडली नाही. चादरीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “वाच. त्याला काय लिहिलं होतंस, ते मला वाचून दाखव.”

थोरल्यानं वाचलं. तू हात जोडलेस आणि मी आकडा बघत बसलो, त्या दिवशी मी भाऊ नव्हतो, असं बरंच काही. वाचताना दोनदा थांबावं लागलं.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. “लोकांना आवडलं असेल. पण समोर जाऊन नुसतं ‘चुकलो’ म्हणाला असतास, तरी तेवढ्यावर आला असता रे तो.”