एकशे पस्तीस अंशांचा काळा तुकडा

अंदाजानं मारलेल्या कोनाची डोब्रिंकाबाईंना शिसारी यायची. बल्गेरियातल्या आमच्या डोंगरी गावात त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं. वृत्तालेखात कोनमापक न लावता कुणी रेघ ओढली, की वही थेट जमिनीवर. "पाव मोडलास व्हय रं? मोज."

त्या साली पटावर चोवीस नावं होती आणि वर्गात पंधरा पोरं. बाकीची नऊ आईबापामागं स्पेनात गेलेली. पट विसाच्या खाली गेला तर शाळेला कुलूप, म्हणून हेडमास्तर पेन्को त्या नवांचीही हजेरी मांडायचा. पेन्को बाईंच्याच हाताखाली शिकलेला. गावाला सगळं ठाऊक, गाव गप्प.

तपासणीचा साहेब येणार ठरलं, तसा पेन्को म्हणाला, "बाई, भिंतीवर एक वृत्तालेख लावा. इयत्तावार, रंगीत."

"चोवीस पोरांचा?"

"मग काय पंधरांचा? शाळा राहिली तर तुम्ही राहणार."

"तुझ्या हजेरीला वास मारतोय पेन्को. मेलेल्या कोंबडीचा."

बाईंनी वर्तुळ काढलं. तीनशे साठ अंश, चोवीस पोरं, माणशी पंधरा. हजर पोरांचे दोनशे पंचवीस अंश रंगवले. उरलेले एकशे पस्तीस डांबरासारखे काळे केले आणि शेजारी लिहिलं : इथं नाहीत. शाळा गेली तर जाऊ दे, पण वर्तुळात खोटं बसवायचं नाही.

साहेब आला. पेन्कोच्या बायकोनं केलेली चीजची बानित्सा खाताना त्याच्या हनुवटीवरनं तेल ओघळत होतं. तसाच तो भिंतीपुढं उभा राहिला. "वा, काय गोल आलाय."

"काळा तुकडा वाचा साहेब," बाई म्हणाल्या. "नऊ पोरं. हजेरी लागतीय, पोरं न्हाईत."

साहेबानं वाचलं, बोटं रुमालाला पुसली. "भिंतीवरचं मला काय करायचंय बाई? माझ्या कागदावर चोवीस हायत. मलाबी वर शाळा मोजून दाखवायच्यात. उद्यापासनं हजेरी तुम्हीच मांडा. गणित पक्कं हाय तुमचं."

सही ठोकून, उरलेली बानित्सा बांधून घेऊन तो गेला.

दुसऱ्या दिवशी पेन्कोनं हजेरीचं पुस्तक गुमान पुढं सरकवलं. बाकांवर पंधरा पोरं वाट बघत होती. बाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि चोवीस खुणा केल्या. मग अंगणातल्या नळावर जाऊन साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुसले, हुंगले, आणि परत धुतले.