दाराजवळची खुर्ची

नव्वद सालाच्या आसपास भाईंदर पूर्वेला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकांचा महोत्सव भरायचा. मी आणि बायको न चुकता जायचो. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थही रोज यायचे आणि दाराजवळची खुर्ची धरायचे, तीही जरा तिरकी वळवून. सकाळी दूध केंद्रावर भेटले की मी विचारायचो, "कालचं कसं वाटलं?" नाटकाबद्दल ते अवाक्षर काढायचे नाहीत. "पुढच्या रांगेतला तो चष्मेवाला दोनदा डोळे पुसत होता," एवढंच सांगायचे, हळू आवाजात. हा माणूस नाटक बघायला येतो की आम्हाला, असा मला संशय होता.

एकदा म्हणाले, "काल नाटकात नवरा चारचौघांत बायकोची टिंगल करत होता ना, त्या सीनला वहिनी उठून गेल्या. तुम्ही हसत होतात."

"पाणी प्यायला गेली होती ती."

"पाणी तर आतच ठेवलं होतं. वहिनी बाहेर पायरीवर बसल्या होत्या."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या मागच्या रांगेत जागा धरली. म्हटलं, आज यांच्यावरच नजर ठेवू. मग नाटक सुरू झालं, आणि शेवटपर्यंत मी हिच्याकडेच बघत राहिलो.