तपासणीच्या दिवशी घरी

शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. धाकट्या बाई कुणी नव्हत्याच. दोन वर्ग एका खोलीत, तिसरा व्हरांड्यात, आणि बाई एकट्या उंबऱ्यात उभ्या राहून दोन्हीकडे ओरडत. घसा कायमचा बसला होता. नवरा म्हणे, "घरी तरी हळू बोल."

वस्तीतली पोरं अर्धपोटी येत, धाकटं भावंड कडेवर घेऊन येत, आणि वरचे साहेब विचारत, निकाल का घसरतो? विचारायला काय जातं! यंदा त्यांनी स्पष्टच सांगितलं: वाचनाच्या तपासणीत शाळा मागे पडली तर कुलूप. दुसरी शाळा हमरस्त्यापलीकडे. तिकडे इथलं एकही पोर जाणार नाही, हे बाई जाणून होत्या.

मग त्यांनी तेच केलं, जे अशा शाळांतून गुपचूप चालतं. कच्च्या पोरांना त्या दिवशी घरी ठेवायचं. गैरहजर पोर निकालात धरत नाहीत. घुमीच्या बाबतीत मात्र त्यांचं मन कचरलं. वर्षभर तोंड न उघडलेली ही पोर नुकतीच अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली होती. पण एका ओळीला तिला फार वेळ लागे, आणि साहेबांना धीर कुठला?

घुमीची आई इस्त्रीचं दुकान चालवी. बाई तिला म्हणाल्या, "उद्या हिला पाठवू नका. ताप आहे म्हणू."

"ठणठणीत आहे की ती."

"एकच दिवस हो."

शाळा वाचली. साहेबांनी पाठ थोपटली. बाकीची कच्ची पोरं परतली, घुमी आलीच नाही. शेवटी बाई दुकानात गेल्या. पोर शर्टांच्या घड्या घालत होती.

"हिला पाठवा," बाई म्हणाल्या. "मी एकाच दिवसाचं म्हटलं होतं."

आईने इस्त्री उभी केली. "ज्या दिवशी पोरांना जोखतात, त्याच दिवशी ही नको म्हणालात. मग बाकीच्या दिवशी येऊन काय करायचं हिने? आम्हाला कळलं, बाई. राग नाही."

राग असता तर परवडला असता. बाईंना स्वतःची लाज वाटली.

कपडे बांधायला घुमीने रद्दीतला कागद ओढला आणि सवयीने त्यावर बोट ठेवलं. "पा... णी... पु... र..." बाई थांबल्या. आज त्यांना कसलीच घाई नव्हती.

"आटप गं," आई म्हणाली, "गिऱ्हाईक उभं आहे."

घुमीने बोट उचललं आणि त्या कागदात शर्ट गुंडाळले.