खंडेनवमीची काळी फळी

...तर काल आपण पळीपाशी थांबलो होतो. पण आधी फळी कसली ते सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा जेवायच्या पाटाची गोष्ट सांगतोय.

आमची सून ऊर्मिला मिरजेच्या लेथवाल्याची पोर. आता जर्मनीत गार्चिंगला संशोधन करते. गाडीचा सांगाडाच बॅटरी व्हावा, भारही त्यानेच पेलावा आणि वीजही त्यातच साठावी, हा तिचा ध्यास. आठ महिने खपून तिने कार्बनच्या धाग्यांची हातभर काळी फळी केली. सोमवारी झिंडेलफिंगेनला मोटारवाल्यांना दाखवायची, त्यांना पटली तरच काम पुढे. म्हणून शनिवारी घरी आणलेली, आणि त्याच दिवशी खंडेनवमी! माहेरी लेथ पुजायचे, इथे फळी. "बाबा, पूजा तुम्ही करा," म्हणाली आणि आंघोळीला गेली.

फळीच्या कडेला तांब्याच्या दोन पट्ट्या, म्हणजे बॅटरीची दोन टोकं, वर चिकटपट्टी. देवापुढच्या वस्तूला ठिगळ कशाला? सोलून टाकलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि हातातली तांब्याची पळी ठेवली आडवी, नेमकी दोन्ही पट्ट्यांवर.

"आजोबा, नाइन!" नात अन्वी जर्मनमध्ये 'नको' म्हणून किंचाळली, तोवर फाटकन ठिणगी! झेंडू करपला, घरभर जळका वास. फळीला जोडलेला इवला दिवा विझला तो विझलाच.

ऊर्मिला ओल्या केसांनी धावली. लाकडी डावाने पळी उडवली, फळी बाल्कनीत नेली. मग दीड तास ती तिथेच, फळीवर नजर ठेवून. मी परतीचं तिकीट आठवत बसलो.

फळी गार झाल्यावर तिने ती दोन विटांवर आडवी ठेवली.

"बाबा, उभे राहा हिच्यावर."

"अगं, पुजलेल्या हत्याराला पाय लावू?"

"नमस्कार करून राहा. पण राहा!"

मोजे काढले, नमस्कार केला, डोळे मिटून चढलो. बहात्तर किलोचा माणूस मी! ती जमिनीवर पालथी पडून पट्टीने मोजतेय. फळी केसभरही वाकली नाही.

"म्हणजे काय गं?" मी खाली उतरत विचारलं.

ती हसायलाच लागली. म्हणाली, "वीज मेली तर फळी टिकेल का, हेच ते सोमवारी पहिलं विचारणार होते, आणि आठ महिन्यांची फळी जाळून बघायची माझी छाती नव्हती. एका फळीने सिद्ध काही होत नाही, पण आता बोलायला तोंड तरी आहे. फक्त बाबा, आज हत्याराला सुट्टी असते ना? तुम्ही तर त्याची परीक्षाच घेतलीत!"